वापरकर्ता काढून टाका

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळत आलो. इथल्या मराठी मंडळात कुणी कॉम्प्युटरचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. मुलगा फोनवर विचारायचा, बाबा, फोटो वगैरे सगळं नीट साठवलंय ना, तर आवाज येत नाही असं सांगून मी फोन बायकोच्या हातात द्यायचो. आज लिहायला बसलो ते धीर आला म्हणून नाही. आमच्या मंडळाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापायला जाते आहे. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतलं एक वाक्य त्यात तसंच पुन्हा छापलं जाईल. ते वाक्य खरं नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांना ते खरं वाटत होतं, कारण मी त्यांना तसं वाटू दिलं.

ज्यांनी लिहिलं त्यांना जबलपुरातली सगळी मराठी माणसं बाई म्हणायची. त्या शाळेत शिकवायच्या, माझ्या मुलालाही त्यांनी शिकवलं. लग्न केलं नव्हतं. दीक्षितपुऱ्यात दोन खोल्यांत राहायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. या शहरात आणि आसपास जी मराठी घरं आहेत, त्यांतलं कोण कधी आलं, कुठल्या गावाहून आलं, मराठ्यांच्या चाकरीत आलं की रेल्वेत की कारखान्यात, आधी कुठे राहिलं, हे सगळं घरोघरी जाऊन लिहून काढायचं. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं. त्या म्हणायच्या, आपल्या घरांत नातवंडांना मराठी कळते, पण तोंडातून निघते हिंदी. आणखी वीस वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही.

मी संरक्षण कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं काढली. तिथला एक रिवाज इथेच सांगतो, कारण पुढची चूक त्याच रिवाजातून आली. माणूस निवृत्त व्हायचा त्या दिवशी दुपारी त्याचा गेटपास जमा व्हायचा, टेबलाच्या खणाची किल्ली जमा व्हायची, चहा-समोसा व्हायचा आणि साडेचारला तो फाटकाबाहेर. त्याने काढलेली ड्रॉइंगं मात्र रेकॉर्ड रूममध्ये जागच्या जागी. त्यांवर त्याची सही असली तरी ती त्याची नव्हेत, कारखान्याची. यात कुणाला वाईट वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही.

नंतर दहा वर्षं मी रिछाईतल्या एका छोट्या कारखान्यात ड्रॉइंग तपासायला जायचो. तिथे ड्रॉइंगचा प्रोग्राम सीडीवर आलेला होता. एकदा विकत घेतला, कॉम्प्युटरमध्ये भरला, संपलं. सोबत बोटभर लांबीचा एक प्लग मिळाला होता, तो मागे खोचल्याशिवाय प्रोग्राम उघडायचा नाही. मालक तो प्लग जानव्याला बांधून फिरायचे. मग एके वर्षी कळलं की तो प्रोग्राम आता विकत मिळणार नाही. इंटरनेटवरून वापरायचा, दरमहा वर्गणी भरायची आणि प्रत्येक माणसाचं स्वतंत्र खातं. तिथले इंजिनियर कुरकुरले. मी मात्र अडुसष्टाव्या वर्षी ते शिकलो. पासवर्ड, मोबाइलवर येणारा कोड, कुणाला काय उघडायची परवानगी द्यायची, सगळं. पोरंसोरं मला विचारायला यायला लागली. ते मला फार आवडलं.

मंडळाचा सचिव झालो तेव्हा हीच हुशारी मी तिथे नेली. मंडळाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, प्लास्टिकच्या आवरणाखाली. त्यात नोंदी ठेवायचा एक साधा प्रोग्राम होता. त्याचा पासवर्ड मॉनिटरवरच कागदाच्या पट्टीवर चिकटवलेला होता. जो येईल तो मशीन चालू करी आणि कामाला लागे. मशीनला कोण आलं, कोण गेलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. बाईंनी त्यात चार वर्षांचं काम भरलं होतं. मी म्हटलं, हे आता क्लाउडवर न्यायचं.

“म्हणजे हे या डब्यात राहणार नाही?” बाईंनी मॉनिटरवर हात ठेवून विचारलं.

नाही, मी सांगितलं. सर्व्हरवर राहील. घरी बसून उघडता येईल.

“आणि तो सर्व्हर कुठे आहे?”

“असेल हैदराबादला. नाहीतर सिंगापूरला.”

“अच्छा. सिंगापूरवाले आपल्याला ओळखतात काय?”

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

पाच जणांची वर्गणी घेतली. पाच माणसं, पाच खाती, आणि सगळ्यांच्या वर व्यवस्थापक, म्हणजे एडमिन, म्हणून मी. बाई रागावल्या नाहीत. महिनाभरात त्या माझ्यापेक्षा नीट शिकल्या. पासवर्ड त्यांनी कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवला. जुन्या नोंदी नव्या ठिकाणी गेल्यावर मी तो जुना कॉम्प्युटर पुसून एका शाळेला देऊन टाकला. दोन ठिकाणी ठेवायची गरज काय, असं मीच म्हटलं.

आणखी एक. बाई पूर्वी सगळं आधी वहीत लिहायच्या. एकदा सभेत मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, “बाई, तुम्ही अजून वह्या काहून भरून राहिल्या? दोनदा लिहायची शिक्षा कुणी दिली तुम्हाला?” पुन्हा हशा. बाईंनी वही मिटली आणि पिशवीत ठेवली. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी वही आणली नाही. माणसाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, तिथूनच वर चढवायचं आणि फोनमधून काढून टाकायचं, कारण फोन भरून जायचा. तेही मीच शिकवलं होतं.

या तीन वर्षांत त्या शहपुऱ्याला तीनदा बसने गेल्या. तिथे एक त्र्याण्णव वर्षांचे गृहस्थ होते, त्यांच्या घरात मराठी बोलणारे शेवटचे. पहिल्या दोन वेळी ते नुसते बघत राहिले. तिसऱ्या वेळी पावणेदोन तास बोलले. खापरपणजोबांपासूनचं सगळं, आणि असल्या मराठीत की बाई म्हणाल्या, मी शिकवलेली ती भाषाच नव्हे. ते रेकॉर्डिंग त्यांनी मला ऐकवलं होतं. मी दहा मिनिटं ऐकलं आणि पुढे कधीतरी ऐकू म्हणून ठेवलं.

मग मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली. मला बाईंच्या नोंदी त्यात हव्या होत्या. बाई म्हणाल्या, अजून चाळीसेक घरं राहिली आहेत, अर्धवट छापलं तर राहिलेली माणसं दुखावतील, दोन वर्षं द्या. सभेत शब्दाला शब्द वाढला. मी म्हटलं, “हे तुमचं घरचं काम नाही बाई, मंडळाचं आहे.” दोन दिवसांनी त्यांचं पत्र आलं. समितीचा राजीनामा देते, नोंदींचं काम मात्र चालू ठेवीन. दोनच ओळी होत्या. मी दोन्ही वाचल्या.

त्याच दिवशी दुपारी जेवण करून मी कॉम्प्युटर उघडला. समितीवर रेल्वेतले एक अधिकारी नव्याने आले होते, त्यांना खातं हवं होतं आणि पाचही जागा भरलेल्या होत्या. हे कारण खरं आहे. पण ते एकटं खरं नाही. राजीनामा दिला ना, मग गेटपास जमा करा, असंही मला वाटत होतं.

बाईंच्या नावापुढे तीन ठिपके होते. ते दाबले. वापरकर्ता काढून टाका, असं इंग्रजीत आलं. ते दाबलं. तेव्हा मध्ये एक चौकट आली. चार ओळी असतील. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मी ती वाचली नव्हती. मी ती वाचली होती. तिचा मतलब असा होता, की या वापरकर्त्याच्या मालकीच्या सगळ्या फाइली त्याच्यासोबत जातील, त्या दुसऱ्या कुणाच्या मालकीच्या करायच्या आहेत का. खाली दोन पर्याय. एकात नव्या मालकाचं नाव भरायचं होतं. दुसरा आधीच निवडलेला होता.

मालकी हा शब्द बघून मी चिडलो. मालकी कसली? नोंदी मंडळाच्या, वर्गणी मंडळाची. बाईंच्या कधी होत्या की आता दुसऱ्याच्या करायच्या? माझ्या डोक्यात रेकॉर्ड रूम होती. माणूस फाटकाबाहेर गेला तरी ड्रॉइंग खणात राहणार. मी दुसरा पर्याय तसाच ठेवून बटण दाबलं आणि चहा करायला सांगितला.

त्या व्यवस्थेत खण नव्हताच. जे होतं ते माणसाच्या खात्याला लटकलेलं होतं. हे मला, पोरंसोरं ज्याला विचारायला यायची त्या मला, माहीत नव्हतं.

तीस दिवसांची मुदत होती. त्यात एक बटण दाबलं असतं तर सगळं परत आलं असतं. तीस दिवस बाईंना काही कळलं नाही, कारण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा, आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघायचंच नाही म्हणून बजावलं होतं. मला मात्र तीन मेल आल्या. पहिली मी उघडली नाही. असल्या मेल रोज यायच्या, वर्गणी वाढवा, जागा वाढवा. दुसरीच्या मथळ्यात बाईंचं नाव होतं. ते बघून मला पुन्हा ती सभा आठवली आणि मी ती बाजूला सारली. तिसरी आली तेव्हा मी भाजी घेत होतो. एका हातात पिशवी, एका हातात फोन. शेवटचे दोन दिवस, असं काहीसं दिसलं. मी अंगठ्याने ती पुसली आणि भाजीवाल्याला म्हटलं, भैया, मेथी ताजी दे.

पुढच्या आठवड्यात रेल्वेवाल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांना त्यांच्या नव्या खात्यातून बाईंच्या नोंदी दिसत नव्हत्या. मी म्हटलं, परवानगी द्यायची राहिली असेल, बघतो. बघितलं. फोल्डरचं नाव होतं, आत काही नव्हतं. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. “सर, तीस दिन के बाद हम भी वापस नहीं ला सकते,” ती म्हणाली. मग म्हणाली, “सर, यूज़र को एडमिन ने हटाया था. एडमिन कौन हैं आपके यहाँ?”

मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी आणि ते अधिकारी दीक्षितपुऱ्यात बाईंकडे गेलो. बाईंनी काळा चष्मा लावला होता. आम्हाला बसवलं, खोबऱ्याची वडी दिली. मग कपाटाचं दार उघडून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पासवर्ड बघितला आणि फोनवर एकेक अक्षर दाबलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी अधिकाऱ्यांना दाबायला सांगितलं.

“हे म्हणून राहिलं की असं खातंच नाही,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “भाऊ, तुम्ही काही बदललं नाही ना?”

काळ्या चष्म्यामागे त्यांचे डोळे मला दिसत नव्हते. त्यामुळे सोपं गेलं. मी नाही म्हटलं. वर असंही सांगितलं की फार दिवस वापरलं नाही तर कधी कधी खातं आपोआप बंद पडतं. असं काही नसतं. पण त्या खोलीत मला खोटं ठरवू शकणारं कुणी नव्हतं.

बाई खुर्चीवर बसल्या. शहपुऱ्याचे ते गृहस्थ गेले म्हणून कालच फोन आला होता, एवढंच त्या म्हणाल्या. आणि आमच्यापुढची वडीची बशी उचलून आत घेऊन गेल्या.

गल्लीत आल्यावर अधिकारी हळूच म्हणाले, “रागात बाईंनीच उडवलं असेल. नाही?”

तिथे मला बोलता आलं असतं. गल्ली रिकामी होती, आम्ही दोघंच होतो.

“काय सांगावं,” मी म्हणालो.

या दोन शब्दांचं पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. महिनाभरात मंडळात सगळ्यांना माहीत झालं की बाईंनी जाता जाता नोंदी पुसल्या. तोंडावर कुणी बोललं नाही. गणपतीत त्या आरतीला आल्या तेव्हा बायकांनी सरकून जागा दिली, पण जरा जास्तच सरकून. ज्या घरांनी त्यांना आजी-आजोबांचे फोटो विश्वासाने दिले होते, त्यांतल्या एका घराने फोटो शाबूत आहेत ना याची खात्री करायला सून पाठवली. पुढच्या वर्षी बाई आरतीला आल्या नाहीत.

पण त्यांनी वही काढली. पहिल्या चार वर्षांच्या वह्या त्यांच्याकडे होत्याच. उरलेल्या तीन वर्षांची घरं त्या पुन्हा फिरायला लागल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी, रिक्षाने, पायी, छत्री टेकत. काही घरांत आता फक्त फोटोला हार होता. काहींनी दार उघडलं आणि विचारलं, मागच्यासारखं करणार नाही ना?

आमच्याकडेही आल्या. तेच प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारले, आजोबा कुठून आले, आधी कुठे राहिले. मी तीच उत्तरं दिली. त्या हळूहळू लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“भाऊ, एक विचारायचं होतं. तुम्हाला यातलं कळते म्हणून. ऑपरेशनच्या आधी शेवटी मी बसले होते, तेव्हा मला अक्षरं धड दिसत नव्हती. माझ्याच हातून काही दाबलं गेलं असेल काय?”

बायको स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभी होती.

“असू शकते,” मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं. निदान काय झालं ते कळलं, असं. चहा पिऊन त्या गेल्या. बायकोने कप उचलले. “तुम्हाला माहीत आहे काय झालं ते,” ती म्हणाली. “मग काहून सांगत नाही?” मी वर्तमानपत्र उघडलं. त्या दिवसापासून तिने मला पुन्हा विचारलं नाही, आणि ते मला विचारण्यापेक्षा जड झालं.

तीन वर्षांनी पुस्तक तयार झालं. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण ड्रॉइंग तपासणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही असं बाईंनीच समितीला सांगितलं. प्रस्तावनेत दुसऱ्या पानावर ते वाक्य होतं. “दृष्टिदोषामुळे माझ्या हातून तीन वर्षांच्या नोंदी नष्ट झाल्या, त्यात ज्यांचे बोलणे कायमचे हरवले, त्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची मी क्षमा मागते.”

मी पेन्सिलीने त्या वाक्याभोवती चौकट केली. आठ दिवस ती मुद्रितं माझ्या टेबलावर होती. नवव्या दिवशी मी एक चिठ्ठी लिहिली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि मुद्रितं घेऊन दीक्षितपुऱ्यात गेलो. बाईंचं सामान बांधणं चाललं होतं. तब्येत बरी नव्हती, भाची त्यांना नागपूरला नेणार होती. कपाट रिकामं होतं आणि उघड्या दाराच्या आत तो पासवर्ड अजून पेन्सिलीत होता.

त्यांनी पानं चाळली आणि चौकटीपाशी थांबल्या. “हे काय? काढायचं म्हणता?”

“बघा,” मी म्हटलं. माझा हात खिशावर होता.

“नाही भाऊ, राहू द्या. लोक मनात म्हणत असतीलच. मी म्हटलेलं बरं.” मग हसल्या. “तुम्ही माझ्यासाठी वाईट वाटून घेऊन राहिले. चलो, एवढं तरी कुणाला वाटते.” आणि त्यांनी खोडरबर मागून घेऊन माझी चौकट स्वतः पुसली.

भाची आतून पिशवी घेऊन आली. ऑटोवाला खाली हॉर्न वाजवत होता. मी पिशवी खाली उतरवून दिली. बाईंनी ऑटोतून हात केला.

चार महिन्यांनी त्या नागपूरलाच वारल्या. पुस्तक त्यांनी हातात घेतलं होतं, असं भाचीने फोनवर सांगितलं.

दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य छापू नये असं मी आज समितीला लिहून दिलं आहे, आणि त्याच्या जागी काय घडलं तेही. रेल्वेवाले अधिकारी आता सचिव आहेत. ते वाचून मला काय म्हणतील याची मी वाट बघतो आहे. बाईंना द्यायला लिहिलेली ती चिठ्ठी मात्र अजून माझ्याकडेच आहे. घडीवर शाई पुसट झाली आहे, पण वाचता येते.

बाई, तुमचं खातं मी काढलं. चौकट आली होती, मी ती वाचली होती. तुमच्या हातून काही दाबलं गेलं नाही. तुम्ही मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मला क्षमा करा.